कळीतला भुंगा आणि ज्यूस वर्ल्ड



आजचा पाठ : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ४७. सोबत ज्ञानेश्वरीत माउलींनी याच जागी केलेलं विवेचन.

आपण हा भाग घाईत वाचतो. सप्ताहात पारायण बसलं की पहिल्या दिवशी पहिला अध्याय पटकन मागे पडतो, कारण सगळ्यांना ओढ असते दुसऱ्या अध्यायाची. स्थितप्रज्ञ, आत्मा, कर्मयोग. पहिल्यात काय आहे? एक माणूस रडतोय. पण या अध्यायाचं नाव बघा : अर्जुनविषादयोग. भक्तीला योग म्हटलं, ज्ञानाला म्हटलं, कर्माला म्हटलं, हे समजतं. इथे विषादालासुद्धा योग म्हटलंय. गीतेचं दार तिथूनच उघडतं.

अर्जुन स्वतःची जी अवस्था सांगतो ती शांतपणे वाचा. गात्रं गळाली, तोंडाला कोरड पडली, अंग थरथरतंय, काटा आलाय, गांडीव हातातून निसटतंय, त्वचेची आग होतेय, उभं राहवत नाही, मन भोवंडतंय. ज्यांना रात्री दोन वाजता पीजीच्या खोलीत छातीत धडधडून जाग आलीय, त्यांना यातला शब्द न् शब्द ओळखीचा वाटेल. आणि हे कोण सांगतोय? साक्षात शंकराशी झुंजलेला धनुर्धर. दुबळ्याची कहाणी नाही ही.

यावर माउली एक दृष्टान्त देतात. आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके १२१२ म्हणजे १२९० साली, पैसाच्या खांबाला टेकून हे सांगणाऱ्या माउलींचं वय तेव्हा जेमतेम पंधरा. ते म्हणतात, भुंगा कसलंही कठीण लाकूड लीलया कोरून आरपार जातो. पण तोच भुंगा संध्याकाळी कोवळ्या कळीत अडकला, तर जीव देईल पण पाकळी चिरणार नाही. स्नेह असा असतो. मऊ असतो, आणि म्हणूनच त्यातून सुटणं लाकडापेक्षा कठीण. पंधरा वर्षांच्या मुलाला हे कुठून कळलं असेल, याचा विचार करत मी नेहमी इथे थांबतो.

आज हा दृष्टान्त घेतला तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या प्लेलिस्टमध्ये असलेल्या एका मुलासाठी. ज्यूस वर्ल्ड. खरं नाव जारद अँथनी हिगिन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इमो रॅप म्हणजे रॅपच्या तालावर गायलेलं तुटलेपण, एकटेपण, भीती. त्यातलं हे मोठं नाव.

जन्म २ डिसेंबर १९९८, शिकागो. तीन वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. आई कार्मेला हिने एकटीने वाढवलं. ती धार्मिक, शिस्तीची. घरात हिप-हॉप ऐकायचं नाही असा तिचा नियम. चौथ्या वर्षी पियानो शिकायला लागला, पुढे गिटार, ड्रम्स. रॉकची ओळख कुठून झाली तर व्हिडिओ गेममधल्या गाण्यांतून. (आपल्याकडे भावगीतं रेडिओवर ऐकून पेटी शिकलेली पिढी आठवा, तसंच काहीसं.) शाळेत असतानाच फोनवर रेकॉर्ड करून गाणी नेटवर टाकायला लागला. शाळा संपल्यावर थोडे दिवस कारखान्यात काम केलं, ते टिकलं नाही. आणि मग २०१८ मध्ये ‘ल्युसिड ड्रीम्स’ आलं. प्रेमभंगाचं गाणं, स्टिंगच्या १९९३ च्या एका गाण्यातल्या गिटारच्या सुरांवर उभं केलेलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मार्च २०१९ मध्ये दुसरा अल्बम पहिल्या क्रमांकावर. वय वीस. कागदपेनाशिवाय, सुचेल तसं तासभर सलग रॅप करून दाखवलं होतं त्याने एका रेडिओ कार्यक्रमात. म्हणजे लाकूड कोरायची ताकद होती.

८ डिसेंबर २०१९. एकविसावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले होते. शिकागोच्या मिडवे विमानतळावर विमान उतरलं, सामानाची झडती सुरू होती, तेवढ्यात त्याला झटके आले. तो वाचला नाही. वैद्यकीय तपासणीत निघालं की ऑक्सिकोडोन आणि कोडीन यांची विषबाधा. अपघाती. म्हणजे त्याला मरायचं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे.

आता, आपल्याकडे कीर्तनात कधी कधी ऐकू येतं की आजकालची ही गाणी म्हणजे पोरांना बिघडवायचा धंदा. मला हे पटत नाही. त्याच्या गाण्यांत गोळ्यांचे उल्लेख आहेत, शिव्या आहेत, हे खरं. ते लपवायचं कारण नाही. पण त्या मुलाने जे केलं ते पहिल्या अध्यायातल्या अर्जुनाने केलं तेच : माझं काय होतंय ते मी झाकणार नाही. आणि आपली संतवाणी काय फक्त आनंदाची आहे का? माउलींच्या विराण्या आहेत. दुष्काळात बायको-मूल गमावलेले तुकोबा देवाशी भांडतात, त्याला नको नको ते बोलतात. जनाबाई विठ्ठलाला खडसावते. चोखोबा महाद्वाराबाहेर उभे राहून विचारतात, मला आत का नाही? दुःख गाणं हे भक्तीच्या बाहेरचं असतं तर निम्मी गाथा बाजूला ठेवावी लागेल.

मग फरक कुठे पडला?

इथे मला पाठातली एक गोष्ट दाखवायचीय, जी घाईत निसटते. अठ्ठाविसाव्या श्लोकापासून अर्जुन बोलायला लागतो आणि सेहेचाळिसाव्यापर्यंत बोलतच राहतो. या सगळ्या वेळात श्रीकृष्ण एक शब्द बोलत नाहीत. अडवत नाहीत, समजावत नाहीत. ऐकतात. मग दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते रागावतात : हे काय भलतंच, सोड हा दुबळेपणा, ऊठ. बरं, त्याने अर्जुन उठला का? नाही! उलट थोड्या वेळाने ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसला. साक्षात भगवंताचं ‘चल ऊठ, रडत काय बसलास’ हेसुद्धा लागू पडलं नाही, मंडळी. मग आपल्या काका-मामांचं कुठून पडणार! त्यानंतर देव हसल्यासारखे झाले आणि खरं बोलणं सुरू झालं. ते अठराव्या अध्यायापर्यंत चाललं. एवढा वेळ लागतो.

पण मधल्या सातव्या श्लोकात अर्जुनाने एक वाक्य उच्चारलेलं आहे. मला काही सुचत नाही, मी तुझा शिष्य आहे, काय करू ते सांग. ‘मला दुःख होतंय’ हे एक, आणि ‘मी काय करू, तू सांग’ हे दुसरं. पहिलं जगाला सांगता येतं, गाण्यातून, रीलमधून, स्टेटसमधून. दुसरं एकाच माणसाला सांगावं लागतं, जवळच्या, ज्याच्या हातात लगाम देता येतील अशा. जारदचं दुःख हजारो पोरं त्याच्यासोबत मैदानात गात होती. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण गर्दी सारथ्य करू शकत नाही.

‘त्याला कुणी नव्हतं’ असं मात्र म्हणू नका, ते अन्यायाचं होईल. आई होती, ती त्याच्याशी या विषयावर बोलत होती. व्यसन हा आजार आहे, आणि तो आजार नेमकं ते दुसरं वाक्यच माणसाच्या तोंडून काढून घेतो. भुंग्याला कळतं की आपण अडकलोय. दात आहेत. तरी पाकळी चिरत नाही.

आता एकवीस या आकड्याबद्दल. त्याच्या आधी लिल पीप हा इमो रॅपमधलाच गायक नोव्हेंबर २०१७ मध्ये गेला, तोही एकवीस वर्षांचा, तोही गोळ्यांनी. जून २०१८ मध्ये एक्सएक्सएक्सटेन्टासिऑन गोळीबारात गेला, विसाव्या वर्षी. या दोघांसाठी जारदने ‘लेजेंड्स’ हे गाणं केलं, त्यात आपल्यातले एकविशी ओलांडत नाहीत अशा अर्थाचं तो गाऊन गेला. आणि मग काही जण आपल्याकडे पटकन जोडून टाकतात : माउलीसुद्धा एकविसाव्या वर्षीच गेले ना! मोठी माणसं लवकर जातात!

थांबा. हे जोडू नका. शके १२१८ ला आळंदीत माउलींनी घेतली ती संजीवन समाधी. ग्रंथ पुरा झाला होता, पसायदान मागून झालं होतं, संतमंडळी सोबत होती, निवृत्तिनाथांनी हात धरून नेलं असं नामदेवराय सांगतात. संपवायचं म्हणून संपवलेलं नाही ते, आणि चुकून संपलेलंही नाही. जारदचं जाणं हा अपघात होता. तरुणपणी मरण्यात काही तेज असतं असं यातल्या कशातूनही निघत नाही. कुणी रीलवर तसा फोटो-कोलाज केला तर पुढे पाठवू नका, एवढी विनंती.

माउलींच्या आयुष्यात आपल्या कामाचा प्रसंग वेगळाच आहे. आईवडिलांनी देहत्याग केलेला, गावाने वाळीत टाकलेली चार भावंडं. असं सांगतात की एकदा लोकांच्या बोलण्याने माउली इतके दुखावले की झोपडीची ताटी लावून आत बसले. ताटी म्हणजे कुडाचं दार. कुणाशी बोलणार नाही. जगाला ज्ञान सांगणारा मुलगा, दार बंद करून. तेव्हा बाहेर येऊन उभी राहिली मुक्ताबाई, सगळ्यात धाकटी. तिने दार तोडलं नाही. ‘असं काय करतोस, लोक काय म्हणतील’ असं म्हणाली नाही. ती दाराबाहेर थांबली आणि बोलत राहिली, त्याला तो कोण आहे ते आठवण करून देत राहिली. ते ताटीचे अभंग. दार उघडलं, आणि पुढचं सगळं आपल्याला मिळालं.

तुमच्या घरात, फ्लॅटवर, होस्टेलला एखादी ताटी बंद असेल. इयरफोन लावून पडलेला भाऊ असेल. आत काय वाजतंय यावरून भांडण्यापेक्षा त्याला विचारा, हे गाणं तुला का आवडतं? आणि तो सांगेल तेवढा वेळ एकोणीस श्लोक गप्प बसा.

आणि बंद ताटीच्या आत तुम्हीच असाल तर गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलतो. हे अमेरिकेतलं आहे, आपल्याकडे नाही, या भ्रमात राहू नका. जारदला ज्याने मारलं त्यातलं कोडीन आपल्याकडे खोकल्याच्या औषधात मिळतं, आणि आपल्या शहरांत पोरं ‘बटन’ म्हणून कोणत्या गोळ्या घेतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नामस्मरण करा, जरूर करा. पण डॉक्टरकडेही जा. ताप आल्यावर हरिपाठ म्हणतो म्हणून आपण औषध सोडत नाही. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. सातव्या श्लोकातलं वाक्य तिथेही म्हणता येतं.

कार्मेला वॉलेसबद्दल सांगायचं राहिलं. मुलगा गेल्यावर तिने त्याचं व्यसन लपवलं नाही. आपल्याकडे अशा वेळी ‘हार्ट अटॅक आला’ म्हणून विषय मिटवतात, घरचे मान खाली घालतात. तिने उघड सांगितलं, आणि २०२० मध्ये ‘लिव्ह फ्री ९९९’ नावाची संस्था काढली, मनाने खचलेल्या आणि व्यसनात अडकलेल्या तरुणांसाठी. ९९९ ही जारदची खूण. बायबलमध्ये ६६६ हा अशुभाचा आकडा. तो उलटा केला की ९९९. जे वाईट वाट्याला आलंय तेच फिरवून चांगलं करायचं, असा त्याचा अर्थ तो सांगायचा. मला पसायदान आठवलं. माउली दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडू दे म्हणतात. माणूस तोच, फक्त वळण दुसरं. एका आईने ते वळण मुलाच्या मरणाला दिलं. हिप-हॉप घरात नको म्हणणारी तीच आई.

आज संध्याकाळी ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायाचा शेवटचा भाग वाचा, भुंग्याच्या दृष्टान्तापासून. दहा मिनिटं लागतात. मोठ्याने वाचलात तर जास्त बरं. उद्या दुसरा अध्याय, श्लोक १ ते १०. अर्जुन अजून रथातच बसलेला आहे.

राम कृष्ण हरी.