सोडून कोण गेले?

मुंबई सिटी एफसीच्या कपाटात चार मोठे किताब आहेत आणि त्यांतल्या एकाचाही निकाल मुंबईत लागलेला नाही. २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) मोसम करोनामुळे अख्खा गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत खेळला गेला. लीग शील्ड तिथेच मिळाली. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने अगदी शेवटी एटीके मोहन बागानवर विजयी गोल केला, तेव्हाही गॅलरीत टाळ्या वाजवायला कोणी नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शील्ड पुन्हा नक्की झाली ती फातोर्ड्याला, एफसी गोवाला ५-३ असे हरवून. मे २०२४ मधला करंडक कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर आला, मोहन बागानच्या घरच्या गर्दीसमोर. अंधेरी पश्चिमेच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातले मैदान हे या संघाचे घर. पण घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत यातले काहीच घडले नाही. यात क्लबचा दोष नाही, योगायोगच म्हणायचा. तरीही ‘एवढे जिंकूनही मुंबईकर येत नाहीत’ ही तक्रार करण्याआधी हा योगायोग ध्यानात घ्यायला हवा. जो आनंद प्रेक्षकाने मैदानात उभे राहून कधी भोगलाच नाही, त्याची आठवण देऊन त्याला परत बोलावता येत नाही. उलट केरळ ब्लास्टर्सने तीनदा अंतिम फेरी गाठली, तिन्हीदा हरले, तरी कोचीचे पिवळे स्टँड देशभरच्या फुटबॉलवाल्यांना हेवा वाटावा असे भरत आले. ‘जिंका, म्हणजे लोक येतील’ हा सल्ला या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

या शहरात सोडून जाण्याची सवय पाठीराख्यांपेक्षा क्लबांना जास्त आहे, असे माझे मत आहे आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. मुंबई एफसी २००७ मध्ये उभा राहिला. कूपरेजच्या मैदानावर ‘यलो ब्रिगेड’ नावाचा छोटा पण चिवट गट त्याच्यासाठी ओरडत असे. मैदानाचे काम निघाले तेव्हा हा संघ आपले ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत खेळू लागला. मग मुंबईचा पाठीराखा घरच्या सामन्यासाठी घाट चढणार की काय? सात वर्षे संघ सांभाळणारे प्रशिक्षक खालिद जमील यांना २०१६ मध्ये निरोप मिळाला. ते मिझोरामला गेले आणि पुढच्याच मोसमात त्यांनी आयझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच मोसमात मुंबई एफसी खालच्या श्रेणीत घसरला आणि २०१७ मध्ये संपला. एका दशकात ज्याने आधी महिंद्रवर आणि मग पिवळ्या मुंबई एफसीवर जीव लावला, त्याचे दोन्ही संघ मालकांच्या एकेका निर्णयाने नाहीसे झाले. अशा माणसाला तिसऱ्या संघाचा झेंडा हातात घ्यायला सांगायचे आणि त्याने हात मागे घेतला की त्याला चंचल म्हणायचे, हा अन्याय आहे.

तिसरा संघही फारसा एका जागी टिकला नाही. मुंबई सिटी २०१४ मध्ये सुरू झाला तो नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. पहिल्याच घरच्या सामन्यात पुण्याचा ५-० असा धुव्वा उडाला, आंद्रे मॉरित्सने आयएसएलची पहिली हॅट्ट्रिक केली. सुरुवात याहून चांगली कुठल्या क्लबला मिळावी? पण नोकरीच्या दिवशी बोरिवलीहून किंवा मुलुंडहून संध्याकाळी नेरुळ गाठायचे आणि रात्री परतायचे, हा बेत एकदोनदाच जमतो. २०१६ मध्ये संघ अंधेरीत आला. चार वर्षांनी करोनाने त्याला सलग दोन मोसम गोव्यात नेले. २०२३ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाचा अल हिलाल खेळायला आला. क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी पाहुणी मंडळी, पण ती उतरली पुन्हा नेरुळला. या प्रत्येक स्थलांतराला वेगळे आणि बहुतेक वेळा रास्त कारण होते. पाठीराख्याच्या हिशेबात मात्र कारणे जमा होत नाहीत, खाडेच जमा होतात. त्यानंतर २०२५ ने कळस केला. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपायचा होता. तो पुढे सरकेना, म्हणून जुलैतच लीग थांबवली गेली. डिसेंबरअखेर मँचेस्टर सिटीच्या मालक सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये घेतलेला आपला ६५ टक्के हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला. सहा वर्षांपूर्वी ज्या नावाच्या जोरावर मँचेस्टरशी नाते सांगितले जात होते, ते नाव एका निवेदनात पुसले गेले.

यावर ठरलेला आक्षेप असा की मुंबई हे क्रिकेटचे शहर, आणि मराठी माणसाला फुटबॉलचे वेड नाहीच. जे मुळात नव्हतेच ते परत आणणार काय? इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. रोव्हर्स करंडक १८९१ पासून याच शहरात खेळला गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे अशा संघांनी कूपरेज गाजवले. पण मला त्याहून महत्त्वाचा पुरावा वाटतो तो कोल्हापूरचा. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की हजारोंची गर्दी होते. त्यासाठी कुणी परदेशी खेळाडू, सिनेनट किंवा जाहिरातदार लागत नाही. दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब यांची कथाही तीच. भांडणे होतात, कधी सामना अर्धवट थांबवावा लागतो, पोलिसांना घाम फुटतो. ते काही आदर्श नाही. पण मंगळवार पेठेतला माणूस पाटाकडीलला ‘सोडून’ जातो म्हणजे नेमके काय करतो, याची कल्पनाच करता येत नाही. संघ मोसमभर हरला तरी तालीम त्याच गल्लीत असते, सकाळी खेळाडू दुधाच्या केंद्रावर भेटतो, आणि संघ विकायचा किंवा दुसऱ्या गावी न्यायचा अधिकार कुणाही एकाच्या खिशात नसतो. तिथली निष्ठा काही कोल्हापूरच्या पाण्यात नाही. संघ उद्याही इथेच असणार ही खात्री तिच्या मुळाशी आहे. मुंबईच्या क्लबांनी दिली नाही ती नेमकी ही खात्री.

मग नुसत्या आवाहनाने काय साधते? त्याचा प्रयोग अंधेरीच्याच मैदानावर झालेला आहे. जून २०१८ मध्ये इथे आंतरखंडीय करंडक स्पर्धा भरली होती. पहिल्या सामन्यात भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली, आणि प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत टाकली. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा, असा तिचा आशय होता. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना, छेत्रीचा शंभरावा, भर पावसात खच्चून भरलेल्या मैदानावर झाला. या घटनेतून दोन गोष्टी निघतात आणि लोक बहुधा पहिलीच सांगतात. पहिली अशी की बोलावले तर मुंबईकर येतो, पावसात भिजत येतो, तेव्हा वेड नसल्याचा आरोप खोटा आहे. दुसरी अशी की अशी हाक एकदाच चालते. छेत्री स्वतः मुंबई सिटीकडून खेळून गेलेला. पण त्या संध्याकाळची गर्दी मुंबई सिटीच्या खात्यात वळली नाही, कारण ती एका माणसाच्या शब्दावर, देशाच्या संघासाठी आली होती. विनवणीने मैदान भरते. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, हरल्यावरही माणूस यावा यासाठी सवय लागते, आणि सवय लागायला जागा आणि तारीख दोन्ही स्थिर असाव्या लागतात. तिकीट स्वस्त करणे, नट आणून बसवणे, मध्यंतरात बक्षिसे वाटणे हे सारे विनवणीच्याच जातीचे उपाय आहेत.

सोडून जाणारे क्लब इतरत्रही झाले आहेत. इंग्लंडमध्ये विम्बल्डन क्लबच्या मालकांनी संघ सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचे ठरवले आणि मे २००२ मध्ये तशी परवानगीही मिळवली. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा एएफसी विम्बल्डन उभा केला आणि तो बऱ्याच खालच्या लीगपासून खेळवला. २०११ मध्ये तो व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचला, २०२० मध्ये जुन्या मैदानाच्या जवळच नव्या स्टेडियमवर परतला. क्लबची सूत्रे पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे आहेत. तिथे ‘गेलेल्या’ पाठीराख्यांना कुणी परत आणले नाही. ते जिथल्या तिथेच होते, क्लबच त्यांच्याकडे आला. मुंबईत हे जसेच्या तसे होणार नाही, हे मान्य. इथल्या व्यावसायिक संघाचा खर्च पाठीराख्यांच्या वर्गणीतून निघणे अशक्य आहे. अंधेरीचे मैदान जेमतेम सात-आठ हजारांचे. ते प्रत्येक सामन्याला भरले तरी परदेशी खेळाडूंचे पगार निघायचे नाहीत. नेमके म्हणूनच आजवर गर्दी ही शोभेची बाब मानली गेली. पैसा मालकाकडून, प्रायोजकाकडून येणार असेल तर मुलुंडच्या माणसाच्या येण्या-न येण्याने ताळेबंदात काय फरक पडतो? पण मोठा भागीदार एका निवेदनासरशी गेला, लीग महिनोन्महिने बंद राहिली, तेव्हा ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारखे पाठीराख्यांचे गट आपल्या जागी होते. त्यांच्या येण्याची किंमत रुपयांत थोडी असेल, टिकाऊपणात ती सर्वांत जास्त आहे.

क्लबच्या बाजूने खरा अडथळा निराळा आहे. मैदान महापालिकेचे, तारखा फेडरेशनच्या आणि प्रक्षेपकांच्या हातात. मग क्लबने वचन द्यायचे ते कशाच्या भरवशावर? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याला पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. जे हातात नाही त्याचे वचन देऊ नये. पण मैदान बदलायचे ठरले तर ते वर्तमानपत्राआधी सीझन तिकीटवाल्याला कळेल, पैसे न मागता परत मिळतील, आणि नाव, रंग किंवा गाव बदलण्याच्या निर्णयात पाठीराख्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला नकाराचा अधिकार राहील, एवढे तर मालकांच्या हातात आहे. शेवटच्या अटीला एक रुपयाही लागत नाही. म्हणूनच मालक तिच्यापासून दूर पळतात, असा माझा संशय आहे.

जुन्यांचा नाद सोडा, शाळकरी मुलांना धरा, असेही सांगणारे आहेत. उपनगरांत टर्फची मैदाने फुटाफुटावर झाली आहेत, तिथल्या पोरांच्या अंगावर युरोपातल्या क्लबांच्या जर्सी असतात. खरा बाजार तोच. पण ते पोर मैदानात एकटे येत नाही. त्याला कुणीतरी बोट धरून आणावे लागते, आणि तो आणणारा बाप किंवा मामा बहुधा तोच असतो, ज्याने कधीकाळी कूपरेजवर पिवळा स्कार्फ हलवला होता. त्याने घरी ‘तिथे काही खरे नाही’ असे म्हटले की जाहिरातीचा सारा खर्च वाया गेला. त्याला जिंकायचे तर मुंबईचे फुटबॉल २०१४ मध्ये जन्मले असा आव सोडून द्यावा लागेल. महिंद्र आणि मुंबई एफसीच्या खेळाडूंना सन्मानाने अंधेरीच्या मैदानावर उभे करणे, त्यांचे जुने सामने क्लबच्या इतिहासात आपले म्हणून नोंदवणे, हे स्पर्धक संघांचे कौतुक ठरत नाही, कारण ते संघ आता राहिलेच नाहीत. त्यांचे वारस मात्र आहेत, आणि ते बोरिवली-घाटकोपरमध्येच राहतात.

अंतराची सबब आता पूर्वीइतकी उरलेली नाही. घाटकोपरहून मेट्रोची पहिली मार्गिका थेट आझाद नगरला, म्हणजे मैदानाच्या शेजारी आणून सोडते. मुलुंडकराला लोकलने घाटकोपर गाठले की पुरे. २०२३ पासून बोरिवली पश्चिमेहून दुसरी मार्गिका अंधेरी पश्चिमेला येते, तिथून डी. एन. नगरला चढून पुढचेच स्थानक आझाद नगर. २०१४ मध्ये नेरुळला जाणाऱ्या पाठीराख्याला हे स्वप्नवत वाटले असते. अडचण वेळेची आहे: उशिरा सुरू होणारा सामना संपून गर्दी बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात आणि मग परतीच्या शेवटच्या मेट्रोवर डोळा ठेवावा लागतो. सामन्याच्या रात्री दोन जादा फेऱ्या मिळवून देणे हे काम कुठल्याही परदेशी खेळाडूच्या करारापेक्षा स्वस्त आहे, पण त्याचे छायाचित्र छापून येत नाही.

सध्या क्लब ज्यांच्याकडे आहे, ते २०१४ मध्ये त्याला सुरू करणारेच आहेत, त्यामुळे एक सोय झाली आहे. आधीच्या मालकांनी केले, असे म्हणायला त्यांना जागा नाही. नेरुळला पहिले तिकीट काढणाऱ्यांची नोंद क्लबकडे कुठेतरी असेलच. त्या प्रत्येकाला मालकांच्या सहीने एक साधे मराठी पत्र जावे. घराबाहेर गेलेल्या मोसमांची त्यात कबुली असावी. पुढच्या मोसमात किती सामने अंधेरीत नक्की होतील ते आकड्यात असावे. आणि पाठीराख्यांच्या प्रतिनिधीची निवडणूक कोणत्या तारखेला, हेही असावे. सवलतीचे कूपन मात्र त्या पाकिटात घालू नये.