वारूळ न मिळालेला माणूस

१० जून १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हस्ते कायद्याची पदवी घेणाऱ्यांत एक विद्यमान सिनेटर होते. दिवसा संसद आणि रात्री वर्ग, असे करत त्यांनी ती दहा वर्षांत मिळवली होती. बरोबर एका वर्षाने, १० जून १९६४ च्या सकाळी, तेच सिनेटर १४ तास १३ मिनिटांचे भाषण संपवून खाली बसले. रात्रभर ते बोलले होते नागरी हक्क विधेयक अडवण्यासाठी. त्याच दिवशी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवण्याचा ठराव झाला आणि विधेयकाची वाट मोकळी झाली.

रॉबर्ट बर्ड यांचे चरित्र वाचताना मी या दोन तारखांपाशी अडखळतो. विद्येने माणूस शहाणा होतो ही माझी श्रद्धा आहे. पण विद्या एका वाटेने आली आणि न्यायबुद्धी दुसऱ्या वाटेवर रेंगाळली, असेही घडते.

बर्ड यांचा जन्म १९१७ चा. वर्षभरात इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. नात्यातल्या बर्ड दांपत्याने त्यांना वाढवले, आपले आडनाव दिले, आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींच्या मुलखात ते लहानाचे मोठे झाले. पेट्रोलपंपावर राबले, खाटिककाम शिकले, महायुद्धाच्या काळात जहाजांच्या गोदीत वेल्डिंग केले. त्याच सुमारास ते कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेत शिरले आणि स्थानिक शाखेचे म्होरके झाले. राजकारणात उतरण्याचा सल्लाही तिथल्याच एका वरिष्ठाने दिला, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले.

१९५९ मध्ये ते सिनेटवर गेले आणि २८ जून २०१० रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, सिनेटर असतानाच वारले. या ५१ वर्षांत ते दोनदा बहुमत पक्षाचे नेते झाले. आपल्या गरीब राज्याकडे त्यांनी केंद्राचा पैसा अखंड वळवला. पण त्यांचे खरे प्रेम सभागृहावर होते. राज्यघटनेची छोटी प्रत सदैव कोटाच्या खिशात असे. सिनेटचा इतिहास त्यांनी चार खंडांत मांडला. राष्ट्राध्यक्षांना खर्चाच्या विधेयकातली हवी ती बाब खोडण्याचा अधिकार द्यावा की नाही, हा वाद १९९३ मध्ये रंगला, तेव्हा त्यांनी रोमन सिनेटवर भाषणांची मालिकाच केली. रोमच्या सभेने आपले अधिकार आपल्याच हाताने सोडले आणि मग तिला कोणी वाचवू शकले नाही, हे त्यांचे सांगणे होते. पुढे तसा कायदा झालाच, आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

इराक युद्धाला संमती देणाऱ्या ठरावाविरुद्ध त्यांनी २००२ मध्ये मत दिले. फेब्रुवारी २००३ मध्ये उभे राहून, युद्ध दाराशी आले असताना हे सभागृह गप्प का, असे त्यांनी विचारले. सिनेटराने निर्भयपणे बोलावे, ही श्रद्धा १९६४ च्या रात्रीही त्यांच्यापाशी होती. तेव्हा ती अन्यायाच्या कामी आली, आता विवेकाच्या. नियम नुसता वाट करून देतो. त्या वाटेने काय न्यायचे, ते माणूस ठरवतो.

पुढे त्यांनी क्लॅनबद्दल वारंवार क्षमा मागितली, १९६४ चे मत चुकले असेही कबूल केले. १९८२ मध्ये तरुण नातू अपघातात गेला. कृष्णवर्णीय माणसांचाही आपल्या लेकरांवर असाच जीव असतो, हे त्या दुःखाने उमगले, असे ते सांगत.

आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी होतो, तेव्हा मधला काळ वारूळ झाकून घेते. आतून बाहेर येतो तो नवाच माणूस. बर्ड यांना वारूळ मिळाले नाही. ज्या सभागृहात चूक केली तिथेच, शब्दन् शब्द टिपणाऱ्या दप्तरासमोर, त्यांना आणखी ४६ वर्षे बसावे लागले. इतिहासावर जीव असलेल्या माणसाला आपलेच पान फाडता येत नव्हते. २००८ मध्ये त्यांनी बराक ओबामांना पाठिंबा दिला. २४ डिसेंबर २००९ च्या सकाळी व्हीलचेअरवरून येऊन आरोग्य विधेयकाच्या बाजूने मत नोंदवले. तेही त्याच दप्तरात गेले, १९६४ च्या त्या रात्रीच्या पुढे.

क्षमा करण्याचा अधिकार ज्यांनी सोसले त्यांचा; तो मी घेणार नाही. पण दोन्ही पाने एकाच दप्तरात शाबूत आहेत, याचे मला मोल वाटते.