निवेदकाचा धर्म

चैत्र लागला, की बेंगळुरात चामराजपेठेतील फोर्ट हायस्कुलाच्या पटांगणावर रामनवमीचा संगीतोत्सव उभा राहतो. १९३९ साली सुरू झालेल्या या उत्सवाला बदलीवर इकडे आलेली आपली मंडळीही हौसेने जातात. याच दिवसांत कोठे दक्षिणी हरिकथा ऐकण्याचा योग आला आणि तीत साकी वा दिंडी कानी पडली, म्हणजे मराठी मन क्षणभर चमकते. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या हरिदासांनी मराठी कीर्तनकारांपासून घेतलेल्या या चाली परमुखांनी इतक्या निष्ठेने जपल्या, की त्या मुखांना आता परके म्हणवत नाही. दुसऱ्याचे शब्द आपल्या कंठातून नेणाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न अशा वेळी मनात येतो.

त्याचे एक उत्तर फार दूर, जर्मनीत सापडते. ख्रिस्ताच्या यातनांवरील बाखच्या दोन थोर रचना लाइपझिग येथे प्रथम गायिल्या गेल्या. योहानाच्या शुभवर्तमानावरील १७२४ मध्ये आणि मत्तयाच्या शुभवर्तमानावरील १७२७ मध्ये. त्यांत कथानिवेदन असते ‘टेनर’कडे, म्हणजे पुरुषाच्या उंच पट्टीच्या आवाजाकडे. आपला कीर्तनकार घटकेत राम होतो, घटकेत रावण. हा निवेदक मात्र कोणीच होत नाही. ख्रिस्ताचे शब्द दुसरा गातो, जमावाचा आक्रोश वृंद गातो; याच्या वाट्याला ‘तो म्हणाला’, ‘ते ओरडले’ एवढेच येते.

१९२९ साली व्हिएन्नात जन्मलेल्या कुर्त एक्विलुझ यांनी या कामाला आयुष्य वाहिले. तेथील ऑपेरागृहात त्यांनी वर्षानुवर्षे दुय्यम भूमिका केल्या. परंतु हार्नोनकोर्ट यांच्या १९७० च्या ध्वनिमुद्रणात मत्तयाची कथा सांगणारा त्यांचा आवाज रसिकांच्या कायमचा स्मरणात राहिला. २०२२ मध्ये ते निवर्तले. नायक न होताही मोठे होता येते, याची ही साक्ष होय.

तथापि येथे एक शंका उद्भवते. ‘मी केवळ सांगणारा’ ही भूमिका नम्रतेची, की पळवाटेची? योहानाच्या कथेत दोषाचे माप यहुद्यांच्या पदरात पडते. विसाव्या शतकातील त्यांच्या संहारानंतर ते शब्द गाणाऱ्याला अलिप्त राहता येईल काय? आपण सरकारी नोकरही दुसऱ्यांचे निर्णय पोचवितो, मसुदे लिहितो, आणि ‘आदेशानुसार’ या शब्दाआड सुखाने झोपी जातो.

बाखने यावर जे केले ते मननीय आहे. पेत्र गुरूला तीनदा नाकारतो, कोंबडा आरवतो आणि पेत्र रडतो. योहानाच्या मूळ वृत्तांतात हे रडणे नाही. बाखने ते मत्तयाकडून मुद्दाम आणले. आणि तेथे आजवर जवळजवळ बोलल्यासारखा गाणारा निवेदक त्या एका क्रियापदावर थांबतो; त्याचा स्वर पिळवटत, वळणे घेत लांबत जातो. पेत्र रडला हे सांगता सांगता सांगणाराच रडतो.

हा निवेदक आरंभापासून गळा काढीत राहिला असता, तर या अश्रूंना किंमत उरली नसती. आणि येथेही तो कोरडा राहिला असता, तर आधीचा सारा संयम केवळ बधिरपणा ठरला असता. दुसऱ्याचे शब्द प्रामाणिकपणे पोचविणे हे व्रत खरेच. पण ते पाळता पाळता कंठ दाटून यावा असे स्थळ आले, तर ते ओळखण्याइतके मन जागे ठेवणे, हाही त्याच व्रताचा भाग आहे. आपल्यापुढील कागदांच्या ढिगातही असे एखादे स्थळ असतेच; आपण त्यावर केवळ सही करून पुढे जातो की काय, एवढे ज्याचे त्याने पाहावे.