हिंसा किती ब्रास?

सोलापुरात बांधकाम निघालं की दारात भीमेची वाळू येऊन पडते. मजूर ती तिरप्या चाळणीवर फावड्यानं फेकतात. बारीक वाळू गिलाव्याला जाते. चाळणीवर उरतात गोटे, शिंपले आणि गोगलगायींचे शंख. पोरं ते खिशात भरतात. मी प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हा प्रयोगशाळेतले बरेचसे शिंपले अशाच ढिगांवरून वेचून आणलेले असत. हा उरलेला ढीग हिंसेच्या हिशेबात धरायचा की नाही, हा माझा प्रश्न आहे.

आमचं घर दिगंबर जैन. आजी पाणी दुहेरी कापडातून गाळायची आणि ते कापड ज्या आडाचं पाणी त्याच आडात खळबळून जिवाणी, म्हणजे कापडात अडकलेले बारीक जीव, परत सोडायची. घरात नळ आला तेव्हा तिची खरी पंचाईत झाली. आता जिवाणी सोडायची कुठे? तिनं मुनिमहाराजांना विचारलं. उत्तर काय मिळालं ते आठवत नाही, पण तिला ते पटलं नव्हतं हे नक्की.

तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांची चढण आहे. कृमीला स्पर्श आणि रस अशी दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. शंख-शिंपले कृमीच्या पंगतीत, द्वींद्रिय. त्यांच्याही खाली एकेंद्रिय स्थावर. आणि तिथे पृथ्वीकायाच्या, म्हणजे माती-दगडाच्या रूपातल्या जिवांच्या, यादीत खुद्द वाळूच येते. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं 1943 साली जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून ‘तिलोयपण्णत्ती’ छापला. त्यात जैन भूगोलातल्या शेवटच्या समुद्रातल्या शंखाची लांबी बारा योजनं दिली आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं हसत. मीही हसे. पण आपल्याला न दिसणाऱ्या जिवाचं माप घ्यावंसं वाटणं, ही गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नाही.

विज्ञानानं या वाळूत पाहिलं ते फार उशिरा. दोन कणांमधल्या ओल्या फटीत सूत्रकृमी, चक्रधर, जलअस्वलं, इवले कवचधारी असे एक मिलिमीटरहून लहान जीव राहतात. त्यांच्यासाठी ‘मायोफॉना’ हे नाव मॉली मेअर यांनी 1942 मध्ये दिलं. आंध्रातले प्राणिशास्त्रज्ञ वाय. रंगा रेड्डी यांनी कृष्णा-गोदावरीच्या वाळूतून डोळेच नसलेले कवचधारी शोधून त्यांच्या नव्या जाती नोंदवल्या. आपली भीमा त्या कृष्णेलाच जाऊन मिळते.

स्वाध्यायात एकदा वाळूच्या धंद्यातले एक गृहस्थ मला म्हणाले, “बाई, गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य. आरंभी, उद्योगी, विरोधी त्याला चुकत नाहीत. मी शिंपले मारायला नदीत उतरत नाही, वाळू काढायला उतरतो.” ठरवून केलेली हिंसा टाळायची; घरकामातली, धंद्यातली, बचावातली चुकत नाही. शास्त्र त्यांनी बरोबर सांगितलं होतं. सोयीपुरतं सांगितलं होतं, एवढंच. तत्त्वार्थसूत्राच्याच सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येत पहिला शब्द प्रमत्ताचा आहे. प्राण जाण्याआधी बेफिकिरी येते. कुदळीखाली नकळत गांडूळ सापडणं वेगळं. आत काय आहे हे माहीत असताना सक्शन पंप लावणं वेगळं.

शिवाय इथे जातो तो एकटा जीव नव्हे. नदीतल्या शिंपल्याचं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतं, मग सुटून तळाच्या वाळूत उतरतं आणि तिथेच पुढचं आयुष्य काढतं. वाळू गेली की त्याला उतरायला जागा नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी मानणाऱ्या परंपरेनं तरी जन्मस्थान उपसण्याला उद्योगी हिंसेच्या सदरात इतक्या सहज टाकू नये. आणि पुरानं वाळू परत येते, हा जुना दिलासाही आता पुरता खरा नाही. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं; वरून येणारी बरीचशी वाळू त्याच्या पोटातच बसते.

खाली पंढरपूरला याच भीमेची चंद्रभागा होते. वारकरी तिच्या वाळवंटात कीर्तनाला उभे राहतात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो याचं वर्णन इतकं बारीक आहे की आमच्या आजीला ते कुणा जैन साधूचंच वाटायचं. त्या पावलाखालची भूमीच आता ब्रासच्या भावानं विकली जाते.

नदीच्या वाळूला पर्याय आहे, दगड फोडून केलेली क्रश सँड. तिच्याबद्दल एक शंका नेहमी निघते: काळा दगड फोडणं हीही पृथ्वीकायाची हिंसा नाही का? आहे. मात्र दगडात एकेंद्रिय. नदीच्या वाळूत एकेंद्रियही आणि हलते-चालते त्रस जीवही. गृहस्थाला आधी त्रस जीव वाचवायला सांगितलं आहे. ती इंद्रियांची चढण पाठ करण्यापुरती नाही, अशा वेळी निवड करण्यासाठीच आहे.

मंदिरांच्या जीर्णोद्धाराची कामं काढणाऱ्या विश्वस्तांना, मग मंदिर जैनांचं असो की विठ्ठलाचं, माझी विनंती आहे: कंत्राटात नदीची वाळू लिहू नका, क्रश सँड लिहा. गिलाव्यासाठी ती वेगळी बारीक करून मिळते.