लागू पडणारा कागद

खडकवासल्यात एक शेतकरी होता. जमीन थोडी, घरात माणसं फार. म्हणून त्यानं कर्ज काढून ट्रक घ्यायचं ठरवलं. शोरूमला जायच्या दिवशी म्हातारी आईही निघाली. पेढे खायला येते म्हणाली.

सेल्समननं ट्रक दाखवला, सह्या घेतल्या आणि शेवटी आणखी एक कागद पुढे सरकवला.

"वाढीव वॉरंटी. थोडे जास्त भरा आणि बिनघोर झोपा."

शेतकऱ्यानं पेन उचललं. म्हातारीनं विचारलं, "ही सुरू कधी होते रे?"

"कंपनीची वॉरंटी संपली की, आजी."

"मग ती संपायच्या आधी आलो तर देशील?"

सेल्समन घुटमळला. "देतो. पण पैसे थोडे वाढतात."

"टायर, क्लच प्लेट?"

"झिजणाऱ्या वस्तू यात येत नाहीत."

"सर्व्हिसिंग चुकलं, नाहीतर पासिंगपेक्षा जादा माल भरला तर?"

"मग क्लेम बाद."

म्हातारीनं मुलाच्या हातातून पेन काढून घेतलं. "आज नको."

परतताना खडकवासला धरणाजवळ तिनं ट्रक थांबवायला लावला. शेतकरी घुश्शातच होता.

"उद्या इंजिन बसलं तर? नवीकोरी गाडी आहे, आई."

"पानशेतचं धरणही नवंकोरं होतं," म्हातारी म्हणाली. "पाणी सोडायच्या दारांचं काम अर्धवट, तरी पाणी अडवलं. पहिल्याच पावसाळ्यात फुटलं. १२ जुलै १९६१. मी पोरगी होते. ऐंशी वर्षं उभी असलेली ही भिंतसुद्धा त्या लोंढ्यानं नेली. त्या पुरात पुण्याचं काय झालं ते तू ऐकलंयस." मग तिनं पेढ्यांचा पुडा उघडला.

वॉरंटीचे वाचलेले पैसे तिनं बँकेत वेगळे ठेवायला लावले.

ट्रक खडी वाहू लागला. एकदा क्रशरवर ठेकेदार म्हणाला, "एक ब्रास जादा टाकतो. भाडं दीडपट. सगळेच नेतात." त्या महिन्याचा हप्ता थकला होता. शेतकरी काही बोलला नाही. खडी पडत राहिली, पाटे दबत गेले. ढीग फळीच्या वर आला तेव्हा तो खाली उतरला आणि स्वतःच फावड्यानं जादा खडी काढू लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. ठेकेदारानं पुढे आठ दिवस त्याला बोलावलं नाही. ते आठ दिवस घरात कोणीच नीट बोललं नाही, म्हातारीही नाही.

सर्व्हिसिंगची तारीख मात्र ती विसरत नसे. वाचता येत नव्हतं, पण सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर बोट ठेवून मोजायची.

कंपनीची वॉरंटी संपायला महिना उरला तेव्हा दोघं पुन्हा शोरूमला गेले. शेतकऱ्यानं बँकेतले पैसे टेबलावर ठेवले. कमी पडले तेवढे खिशातून घातले.

सेल्समननं बुक चाळलं. एकही शिक्का चुकलेला नव्हता. तो हसला. "इतकी निगा राखता, तर तुम्हाला वॉरंटीची गरजच काय?"

"निगा राखतो म्हणूनच घेतोय," शेतकरी म्हणाला. "तेव्हा घेतली असती तर नुसता कागद झाला असता. आता ती मला लागू पडेल."

सेल्समननं पावती फाडली. म्हातारीनं बुक त्याच्यापुढे सरकवलं.

"पुढचं सर्व्हिसिंग कधी, ते यात लिही."