निकाल ठाऊक नसताना

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत राज्याचे पोलीस उपनिरीक्षक घडतात. उद्या त्यांच्यापैकी एखाद्याने जमावावर गोळी चालवली, तर त्याचा न्याय कसा करायचा?

घटना घडून गेल्यावर सगळेच शहाणे असतात. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये ते तपासून पाहिलं. १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत वाचणाऱ्या गटांना त्यांनी वेगवेगळे शेवट सांगितले. ज्यांना जो शेवट सांगितला, त्यांना तोच आधीपासून संभवनीय वाटू लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ च्या ग्रॅहम खटल्यात बजावलं, की पोलिसी बळाचा वापर त्या जागी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेने तपासावा, मागाहून आलेल्या शहाणपणाने नव्हे.

हे रास्त आहे, पण ही कसोटी दोन्ही बाजूंना लागते. खेळण्यातलं पिस्तूल खरं भासलं असेल, तर ते खेळणं होतं हे नंतर कळल्याने अधिकारी दोषी ठरत नाही. तसंच, मृताच्या खिशात नंतर चाकू सापडल्याने, तो न दिसताच झाडलेली गोळी योग्य ठरत नाही.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने स्वीकारला नाही. आयोग इथे पश्चातबुद्धीने बोलत होता, असं म्हणता येत नाही. टँकर कुठे आहेत आणि लोक कुठे, हे त्या सकाळीही डोळ्यांना दिसणारं होतं.

शिवाय चौकशी गोळीच्या क्षणापाशी सुरू होऊन तिथेच संपू नये. कायद्याला आधी पांगण्याचा हुकूम अपेक्षित आहे, बळ त्यानंतर. तो हुकूम लोकांना ऐकू गेला का? तुकडीजवळ ढाली, अश्रुधूर होता, की फक्त रायफली? माघारीला वाट होती का? या प्रश्नांची उत्तरं वरिष्ठांच्या आधीच्या निर्णयांत असतात, आणि तिथे घाईची सबब चालत नाही. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीचा काळ तर पंचांगावरून कितीतरी वर्षं आधी कळतो. २०२७ मध्ये गोदाघाटावर गोंधळलेल्या शिपायाची लाठी उठली, तर त्याच्या भीतीला त्या क्षणाची सवलत जरूर द्यावी. त्याला अरुंद गल्लीत अपुऱ्या कुमकेनिशी उभं करणाऱ्यांना मात्र ती मागता येणार नाही.