कोपरचा जिना

कोपर स्थानक दुमजली आहे. खालून मध्य रेल्वेची मुख्य लाइन जाते, वरून दिवा-वसईची. वर मेमू थांबली की भिवंडी रोड, खारबावकडून आलेली माणसं स्लो लोकल गाठायला खाली निघतात. मेमू पकडणारी मंडळी तेवढ्यात जिना चढत असतात. पहिल्या चार पायऱ्यांवर खांद्याला खांदा लागतो. मग पाठीवरची सॅक पोटाशी घेतलेला एक मुलगा समोरून येणाऱ्याला टाळत पिशवीवाल्या मावशींच्या मागे लागतो. मावशी आधीच एका काकांच्या पाठीशी असतात. बघता बघता एक धार उतरती, एक चढती. रांग लावा, असं कुणी म्हटलेलं नसतं.

डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या संशोधकांनी 1995 साली हे गणितात मांडलं. संगणकातल्या माणसांना त्यांनी एवढंच शिकवलं: आपल्या दिशेने चाला, दुसऱ्याला धडकू नका. डावी-उजवी बाजू सांगितलीच नाही. तरी रांगा उमटल्या. कारण सोपं आहे. समोरच्याला चुकवताना दर वेळी बाजूला सरावं लागतं. आपल्याच दिशेने जाणाऱ्याच्या मागे लागलं की ते सरणं थांबतं. रांगेचा नकाशा कुणाच्याच डोक्यात नसतो, पण ती सगळ्यांच्या पायांतून तयार होते.

हेल्बिंग पुढे गेले. 2000 साली इलेश फार्कश आणि तमाश विचेक यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की घाबरलेल्या गर्दीत प्रत्येकजण जितकी घाई करतो तितका दारातून बाहेर पडायला सगळ्यांनाच उशीर होतो. खाली लोकलचा भोंगा ऐकून कुणी उतरती धार सोडून चढतीत घुसला की कोपरच्या जिन्यावरही तेच होतं: त्याच्या दोन पायऱ्या वाचतात आणि मागचे पन्नासजण अडकतात.

अशी व्यवस्था फुकट मिळते, म्हणून ती गृहीत धरली जाते. पण तिला दोन गोष्टी लागतात: सरकायला जागा आणि सरकायची तयारी. जागा नसेल तर शहाणी माणसंही चेंगरतात. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीत ते दिसलं. त्या माणसांना बेशिस्त म्हणणं हा अन्याय होता. रुंद जिना देणं हे रेल्वेचं काम. तो मिळाल्यावर पुढच्याच्या मागे राहणं, एवढंच आपलं.